तीन फेजचा हात

मंडळी, या शहरातल्या निम्म्या भिंतींच्या आत काय आहे, हे फक्त मला ठाऊक आहे! मालकाला वाटतं भिंत त्याची. असेल. पण आतली वायर माझी! वायरमन आहे मी, आणि तोही साधासुधा नव्हे. बटण दाबलं आणि दिवा लागला नाही, असं माझ्या कामात होत नाही. एकदा जिन्यातला दिवा लावला की तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजायची, हे मान्य. पण त्या मजल्यावरच्या आजोबांना तेवढंच कुणीतरी आल्यासारखं वाटायचं, म्हणून मी ते तसंच ठेवलं.

त्यामुळे बायको जेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "मला हाताच्या नसा काही केल्या पाठ होत नाहीत हो," तेव्हा मी छाती पुढे काढली.

"एवढंच ना? अगं, वायरिंगच आहे ते! मी बसवतो तुझ्या डोक्यात!"

आमची ही फिजिओथेरपी शिकते. लग्न, संसार, पोरीची शाळा, सगळं मार्गी लावून मग या वयात कॉलेजात गेली. गेल्या वर्षी सगळ्या विषयांत पास झाली आणि प्रॅक्टिकलला याच नसांत अडकली. आता पुन्हा नापास झाली तर अख्खं वर्ष परत, आणि एका दवाखान्यात तिच्यासाठी निकालापर्यंत राखून ठेवलेली जागाही गेली. तिला ते काम मनापासून करायचं होतं. आणि ती पास व्हावी असं मलाही मनापासून वाटत होतं. एक तर प्रेम म्हणून. दुसरं म्हणजे, गेल्या वर्षीच्या निकालानंतर पुढचे कितीतरी दिवस आमचं घर मेन स्विच पाडून ठेवल्यासारखं होतं.

तर अभ्यास सुरू झाला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी बाही वर करून हात पसरायचा आणि तिने त्यावर पोरीच्या स्केचपेनांनी नसा काढायच्या.

"ही रेडियल," ती सांगायची. "दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते. मनगट वर उचलायचं काम हिचं. ही मीडियन. हाताच्या मधोमध येते, मनगटातल्या बोगद्यातून तळव्यात शिरते. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिका अर्धी. आणि ही अल्नर. कोपराच्या मागून जाते. करंगळी आणि उरलेली अर्धी अनामिका."

"थांब थांब! एका बोटाला दोन लाईनी?"

"हो."

"मग मीटर कुणाच्या नावावर?"

"अहो!"

"अहो काय? कोपरापाशी बघ! मेन लाईन हाडावरून उघडी नेलीये! ना पाईप, ना पट्टी! येता-जाता दाराला धडकलं की झिणझिण्या! आणि मनगटात? एका बोगद्यात स्नायूंच्या नऊ दोऱ्या आणि त्यातच वायर कोंबलेली! असं काम मी केलं असतं ना, तर मालकाने शिडीसकट हाकललं असतं. केलंय कुणी हे?"

"देवाने."

"लायसन बघितलं होतं का त्याचं?"

तिने स्केचपेनचं टोपण लावलं. "हे बघा, मला तुमचा हात हवाय. मत नकोय."

पण खरं सांगतो, मला ते काम बघवत नव्हतं. इतकी नाजूक वायर आणि इतका गलथान कारभार! झोपलो तरी डोळ्यांपुढे तीच उघडी लाईन यायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ही दार लावून आत पाठांतर करत बसली होती. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापला माणूस घेऊन जायचं, परीक्षकांसमोर त्याच्या हातावर नसा दाखवायच्या, असा प्रकार होता. मी बाहेर एकटाच. मला तिची दया आली. रोज काढायचं, रोज धुवायचं! ऐन वेळी हात थरथरला तर? मग मला ती कल्पना सुचली. आपणच नसा आधी काढून ठेवल्या तर?

स्केचपेनवर माझा भरवसा नाही. मी माझा केबलवर नंबर टाकायचा मार्कर काढला. ऊन, पाणी, उंदीर, कशालाही न जुमानणारा! लाल, पिवळा, निळा. तीन नसा, तीन फेज! डाव्या हातावर खांद्यापासून बोटांपर्यंत असं झकास काम केलं की विचारू नका. आणि हात लागलाच होता, तर मूळ कामातल्या ढोबळ चुकाही दुरुस्त केल्या. रेडियलचा फुकटचा वळसा काढून तिला सरळ खाली आणली. कोपराची उघडी लाईन पुढून, सुरक्षित जागेतून घेतली. मीडियन बोगद्याच्या बाहेरून काढली. अनामिकेची भानगड तर कायमची मिटवली, पूर्ण बोट अल्नरच्या नावावर! प्रत्येक लाईनवर नाव टाकलं आणि दंडावर सुबक अक्षरात लिहिलं, "मेन लाईन. हात लावू नये."

सकाळी ती निघायच्या तयारीत असताना मी बाही वर केली. "टडँग!"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे काय आहे?"

"तुझा पेपर! सोडवून ठेवलाय!"

"अहो, परीक्षेला कोरा हात लागतो! लिहिलेला हात म्हणजे कॉपी! मी काय आता कॉपी बरोबर घेऊन जाऊ?"

"धुतो की!"

आधी साबण लावला. मग थिनर. मग तारेची घासणी. कातडी लालबुंद झाली, त्यामुळे लाल नस तेवढी थोडा वेळ दिसेनाशी झाली. निळी आणि पिवळी मात्र आणखी उठून दिसायला लागल्या. मी मेव्हण्याला फोन केला, जरा हात घेऊन ये म्हणून. त्याने "टोचतात का?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

"उजवा हात आहे ना!" मी म्हणालो. "तो कोराच आहे. डाव्यावर बाही खाली ओढतो. विषय संपला."

"आणि डावा मागितला तर?"

"दुखावलाय म्हणून सांगू!"

वाटेत ती एकच गोष्ट बजावत होती. "कुणी विचारलंच तर म्हणायचं, करंगळी बधिर आहे. बस्स. एक शब्द जास्त नको."

आता मंडळी, एक शब्द जास्त नको, हे मला सांगून काय उपयोग?

परीक्षक होते करवत सर. हे विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव, कारण सर मार्क जातानाही कापत आणि येतानाही. खोलीत एक लांब टेबल, दोन स्टुलं, स्टँडला टांगलेला एक सांगाडा आणि दारात कॉपी जप्त करायची पिशवी घेतलेला शिपाई. त्या पिशवीकडे बघूनच माझा डावा हात गार पडला.

मी उजवा हात टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "डावा द्या."

"डावा दुखावलाय सर," मी म्हणालो. "करंगळी बधिर आहे." इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण नुसतं बोलून कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी मनगट लोंबतं सोडलं आणि जरासा कण्हलो.

सरांचे डोळे चमकले! तुम्हाला सांगतो, दुखणं बघून एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

"वा! खरा पेशंट! निरोगी हात तर सगळेच दाखवतात. बाई, हाच तपासा! पण करंगळी बधिर आणि मनगटही पडलंय? दोन नसा एकदम? कसं झालं हो?"

"शॉक बसला."

"कुठे?"

"शिडीवरून पडलो."

"शॉक बसला की शिडीवरून पडलात?"

"आधी शॉक, मग शिडी."

बायको छताकडे बघत होती.

"टाचणी घ्या, बाई," सर म्हणाले. "पेशंट, डोळे मिटा. टोचलेलं कळलं तर 'हो' म्हणायचं, नाही कळलं तर 'नाही'."

बायकोने करंगळीला टाचणी टोचली. ती टोचणी परीक्षेची नव्हती हो! त्यात सकाळची पिशवी होती, थिनर होतं आणि बहुतेक लग्नापासूनची थकबाकीही होती.

"नाही!" मी म्हणालो.

तिने पुन्हा टोचली. "नाही!" आणखी एकदा. "नाही! नाही!"

"कमाल आहे," सर म्हणाले. "बरोबर टोचल्या क्षणीच तुम्हाला कसं कळतं की कळलं नाही?"

मी एक डोळा उघडून बायकोकडे बघितलं.

"आणि डोळ्यांत पाणी का आलंय?"

"बायकोची परीक्षा आहे सर. भरून आलं."

"हं. बघू, नस कुठे दबलीये ते," असं म्हणत सरांनी शर्टावरूनच माझं कोपर धरलं आणि मागच्या हाडालगत बोटाने खटकन टिचकी मारली.

मंडळी, मी आयुष्यभर करंट खाल्लेत! ओल्या भिंतीचा खाल्लाय, मोटारीचा खाल्लाय! पण हा घरचा करंट! कोपरापासून करंगळीपर्यंत असा सणसणत गेला की माझा बधिर, लुळा, लोंबता हात थेट छताकडे उडाला! बाहीचं बटण सांगाड्याच्या बरगडीत अडकलं. मी हात ओढला, सांगाडा माझ्याकडे आला. मी किंचाळून मागे सरलो, तो आणखी जवळ आला. शेवटी आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून शिपायाच्या पायाशी पडलो. टर्र्र झालं. बाही खांद्यापासून निघाली आणि सांगाड्याकडे राहिली.

मी उठलो तेव्हा माझा डावा हात सगळ्यांसमोर उघडा होता.

सरांनी चष्मा पुसला. मोठ्याने वाचलं, "मेन लाईन. हात लावू नये." मग म्हणाले, "ही कॉपी आहे. अशी कॉपी मी आजवर पाहिली नाही. जप्त करा!"

शिपायाने पिशवी उघडून बघितली. "सर, यात मावणार नाही."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो चेहरा बघून माझी सगळी मस्ती उतरली. "सर, तिचा काही दोष नाही," मी म्हणालो. "तिला माहीतही नव्हतं. हे सगळं मी केलंय. माझा पाहिजे तर हात कापा, तिचे मार्क कापू नका."

आणि तेव्हा बायको माझ्याजवळ आली. सकाळच्या धांदलीत तिने हात नीट बघितलाच नव्हता. आता खांद्यापासून करंगळीपर्यंत बघितला. तिच्या कपाळावर आठी पडली. ती आठी माझ्या चांगली ओळखीची आहे.

"सर," ती म्हणाली, "ही कॉपी असूच शकत नाही."

"का?"

"सगळं चुकलंय."

"चुकलंय?" मी म्हणालो. "अगं, सुधारलंय!"

"तुम्ही गप्प बसा! सर, हे बघा, रेडियल सरळ खाली आणलीये. ती हाडामागून वळसा घालते, म्हणून तर खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलं की तिथे दबते आणि मनगट पडतं. यांनी मघाशी मनगट लोंबवलं ते या नसेचं, आणि सांगत होते करंगळीचं. म्हणजे नाटकही चुकलं! मीडियन बोगद्याबाहेरून नेलीये. तशी असती तर मनगट सुजून हिच्यावरचा दाब वाढला आणि बोटांना मुंग्या आल्या, असा एकही पेशंट जगात नसता. अनामिका अख्खी अल्नरला देऊन टाकलीये, अर्धी मीडियनची आहे. आणि अल्नर कोपराच्या पुढून! अहो, ती मागून जाते! पुढून असती तर आत्ता सरांनी मागे मारलेली टिचकी तुम्हाला कळलीही नसती आणि हा बिचारा सांगाडा उभा असता!"

"अजून?" सरांनी विचारलं.

"अजून 'अल्नर'मधला 'ल' उलटा काढलाय."

"अजून?"

"अजून सर, मी यांना निळा शर्ट घाला म्हणून सांगितलं होतं, तो न घालता..."

"पुरे, बाई, पुरे." सर खुर्चीत मागे रेलले. "गेल्या वर्षी तुम्ही दुसऱ्या नसेपर्यंतही पोचला नव्हता. आज मध्ये श्वाससुद्धा घेतला नाहीत. एवढी तयारी कशी झाली?"

"सर, गेल्या वर्षी नुसता हात होता," ती म्हणाली. "आज नवऱ्याच्या चुका होत्या."

सर हसले. करवत सर हसले! शिपायाने घाबरून पिशवी बंद केली. "खोट्या दुखण्याचे मार्क कापणार," ते म्हणाले, "तरी पास आहात. चांगल्या पास आहात." बायकोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तिथेच रडायला लागली. माझेही डोळे भरून आले, आणि या वेळी टाचणी नव्हती.

निघताना सरांनी माझा फोन नंबर मागितला. मी ओळखलं! खोलीतल्या पंख्याची वायर लोंबत होती, आल्या आल्याच बघितली होती. मी ऐटीत कार्ड काढून दिलं.

"उद्या दुसरी बॅच आहे," सर म्हणाले. "सकाळी लवकर या. आणि हात धुऊ नका."

गेलो. करतो काय! दिवसभर मी त्या टेबलावर हात पसरून बसलो होतो आणि एकेक विद्यार्थी येऊन माझ्या चुका काढून पास होत होता. सांगाडा माझ्याकडे बघत होता. दुपारनंतर मात्र एक जण आला. त्याने माझा हात वरपासून खालपर्यंत शांतपणे, आदराने बघितला आणि म्हणाला, "सर, मला तर सगळं बरोबर वाटतंय."

त्याला सरांनी तिथल्या तिथे नापास केलं. काही म्हणा, त्या अख्ख्या बॅचमध्ये वायरिंग कळणारा तो एकच होता.