अर्जदाराची नाव

मुळशी धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या सर्व नावांची नोंद करण्यात यावी, असा आदेश एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात जलवाहतूक सुरक्षा उपविभागाने काढला. उपविभाग नवीन होता. टेबलं, शिपाई आणि पंखा मंजूर होऊन आले होते, आता फक्त काम यायचं राहिलं होतं. त्या पाण्यावर माणसं नेणारी नाव एकच होती, ती मौला मुलाणीची. तेव्हा सर्व नावांची नोंद करणं फारसं अवघड जाणार नव्हतं.

पल्याडच्या तळपेवाडीची सगळी ये-जा मौलाच्या नावेतून चाले. रेशनचं दुकान, दवाखाना, एस.टी. आणि आठवीचा वर्ग, सगळंच अल्याड. वाडीतल्या भिवाजी ओव्हाळांची जया त्या वर्षी सातवी पास झाली होती आणि जूनपासून तिला आठवीत जायचं होतं. तिच्याआधी वाडीतली एकही मुलगी सातवीपुढे गेली नव्हती. भिवाजी खडकीच्या डेपोतून निवृत्त होऊन गावी आलेले. घटनेची मराठी प्रत त्यांनी ट्रंकेत घडीच्या लुगड्यासारखी जपून ठेवली होती. पोरीने शिकावं आणि ती प्रत आपल्याला नीट समजावून सांगावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

नव्या उपविभागाकडे स्वतःचा छापील अर्ज नव्हता, म्हणून दुसऱ्या कुठल्याशा खात्याचा अर्ज आणून त्यावर शिक्का मारण्यात आला. पहिला रकाना होता, ‘नाव’. मौला घरी, दारी आणि पाण्यावर होडीला होडीच म्हणायचा. पण सरकारी कागदावर तिला नाव म्हणतात हे आदेशावरून त्याला कळलं होतं, आणि चौथी पास माणूस सरकारी शब्दाचा मान राखतोच. त्याने अर्ज स्वतःच्या हाताने भरला.

नाव: सागवानी, अठरा फूट लांब, बुडाला डांबर. वय: बारा. वडिलांचे नाव: एकसष्टच्या पावसात वाहून गेली. कायमचा पत्ता: पाण्यात. ओळखीची खूण: डाव्या अंगाला पत्र्याचे ठिगळ. खाली त्याने सही केली, ती चुकून साक्षीदाराच्या जागी पडली.

अर्ज रीतसर मंजूर झाला. मंजूर करण्यापूर्वी तो वाचावा, असा नियम नव्हता. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि जया रोज सकाळी नावेत बसून आठवीला जाऊ लागली. 

गणपतीनंतर जयसिंगराव नावाचे नवे साहेब उपविभागात बदलून आले. माणूस सज्जन होता, फक्त त्याला फायली वाचायची खोड होती. मौलाची फाईल वाचताना साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षांचं पोर, बाप पुरात गेलेला, डोक्यावर छप्पर नाही, राहायला पाण्यात, आणि अंगाला ठिगळ. बाप एकसष्टला गेला आणि पोर ब्याऐंशीत बारा वर्षांचं, ही तफावत त्यांच्या लक्षात आली नाही असं नाही. पण ती त्या घराची खासगी बाब असल्यामुळे त्यांनी त्यावर शेरा मारला नाही.

दुसऱ्याच दिवशी आदेश निघाला. भारतीय घटनेच्या कलम चोवीसनुसार चौदा वर्षांखालील बालकास धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. सबब सदर परवानाधारकाचा परवाना, त्याच्याच मूलभूत हक्काच्या रक्षणार्थ, रद्द करण्यात येत आहे.

मौला आणि भिवाजी डोंगराला वळसा घालून, अर्धा दिवस पायपीट करून कचेरीत पोचले.

"सायेब, आमची नाव का बंद केली?" मौलाने विचारलं.

"बंद नाही केली, वाचवली. एवढ्याशा पोराला पाण्यावर राबवताना तुम्हाला काही वाटलं नाही?"

"पोर कुटलं? नाव हाय ती, सायेब."

"नाव असो की आडनाव असो, वय बाराच ना?"

"व्हय. बारा झाली तिला."

"तिला? म्हणजे मुलगी आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी फाईलमध्ये दुरुस्ती केली. "आणि तुम्ही तिचे कोण?"

"मालक."

साहेबांनी टोपण काढलेलं पेन तसंच हातात धरलं. माणसावर मालकी सांगणारा माणूस त्यांनी आजवर फक्त परिपत्रकात पाहिला होता. वेठबिगारी बंद करणारं कलम तेवीस त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते वापरायला मिळेल अशी आशा त्यांनी सोडून दिली होती.

भिवाजींनी मध्ये तोंड घातलं. "सायेब, लाकडाची हाय ती. काठावर येऊन डोळ्यांनी बगा."

"अंगकाठीवरून कुणाला लाकूड म्हणणं हा भेदभाव झाला, भिवाजीराव. निदान तुम्ही तरी असं बोलू नये."

 

"मग दुसरी नाव घिऊ का?" मौलाने विचारलं.

"नाव बदलायचं तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागेल," साहेब म्हणाले. "कारणासह."

आठवड्याभरात पोलीस बंदोबस्तात ट्रक आला आणि परवानाधारकाला मालकाच्या तावडीतून सोडवून पुण्याच्या एका बालगृहात दाखल करण्यात आलं. बालगृहाच्या अधीक्षकांनी ती दारातून आत जात नसल्याचं तोंडी कळवलं. त्यावर, बालकं सुरुवातीला बुजतातच, असं लेखी उत्तर मिळालं. तिला अंगणात ठेवलं गेलं. तिच्या वाट्याचं दूध रोज मंजूर होई आणि रोज संपत असे. थंडीसाठी तिच्या उंचीला साजेसा स्वेटरही मागवण्यात आला. अठरा फुटी स्वेटरचं बिल निघालं, स्वेटर मात्र कुणी पाहिला नाही.

इकडे जयाची शाळा बुडाली. भिवाजींनी अल्याड तिच्यासाठी खोली पाहिली. खोली होती. आडनाव सांगितल्यावर नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेने सततच्या गैरहजेरीमुळे जयाला पटावरून कमी केलं. आधी पोरीची नाव गेली, मग नावही गेलं. दप्तर मात्र जयाने खुंटीवरून काढलं नाही. भिवाजी रोज ते दप्तर बघायचे आणि रोज त्यांचा राग वाढायचा.

"मौलाभाई, हक्क मोडला की कोर्टात जायाचं, आसं घटनेतच लिवलंय," ते म्हणाले. "चला."

पुण्यातल्या वाल्मीक शिरोळे वकिलांनी सगळं ऐकून घेतलं, चहा सांगितला आणि घटना काढली.

"हक्क नेमका कुणाचा मोडला?" त्यांनी विचारलं.

"माझ्या पोरीचा. शाळेत जायाचा."

"शिक्षण हा मूलभूत हक्क नाही, भिवाजीराव. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. मार्गदर्शक म्हणजे वाट दाखवणारं. ते वाट दाखवतं, सोबत येत नाही. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही."

"मग कुटंबी जायाचा हक्क? तो तर हाय ना?"

"संचाराचा हक्क आहे. पण तुम्हाला कुणी अडवलंय? पाण्यावरून जाऊ नका, असा हुकूम आहे का?"

"न्हाई. पर पाण्यावरून चालायचं कसं?"

"तो हक्काचा प्रश्न नाही, तो सवयीचा आहे."

भिवाजींनी चहा तसाच ठेवला. "आन् त्या खोलीवाल्यानं जात बगून न्हाई म्हनलं, त्येचं?"

"तो सरकार नाही. आणि खोली नव्हतीच म्हणतो, तर नाकारली कुठे?"

मौला पुढे सरकला. "वकीलसायेब, ती नाव हाय आन् माजी हाय, एवडंच सांगा की कोर्टाला."

"सांगता येईल. पण सरकारी दप्तरात ती माणूस आहे. ती नाव आहे हे सिद्ध करायचं तर दिवाणी दावा लावावा लागेल, साक्षीपुरावे होतील, अपिलं होतील. निकाल लागेल तेव्हा जयाच्या नातवंडांची आठवी झालेली असेल." वकिलांनी चष्मा पुसला. "त्यापेक्षा माझं ऐका. ती माणूस आहे हे आपण मान्य करून टाकू. माणसाला डांबून ठेवलं की थेट उच्च न्यायालयात जाता येतं. बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज. डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करा, असा हुकूम सुटतो. इतका झटपट उपाय अख्ख्या कायद्यात दुसरा नाही. फक्त त्यासाठी माणूस असावं लागतं."

"आन् आमी?" भिवाजींनी विचारलं. "आमी मानसं न्हाई व्हय?"

"आहात हो. पण तुम्हाला कुणी डांबलेलं नाही."

दुसरा मार्ग नव्हता. मौलाने, सदर मुलगी आपल्या घरच्यासारखी आहे, असं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात खोटं काही नव्हतं म्हणून त्याने सहीही निवांत मनाने केली. 

अर्ज खरोखरच झटपट सुनावणीला आला. वरच्या कोर्टाचं काम इंग्रजीत चालत असल्यामुळे भाषांतरकाराने जबाबदारी नको म्हणून सगळीकडे ‘सदर व्यक्ती’ असा शब्द घातला. सरकारी वकिलांनी व्यक्ती हजर असल्याचं सांगितलं, मात्र ती ट्रकमधून उतरण्याच्या स्थितीत नसल्याचंही नम्रपणे निवेदन केलं. एक लेखनिक खाली जाऊन आला. डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ असल्याची त्याने खात्री केली आणि ओळख पटल्याची टीप दिली. बाकी काही तपासायला त्याला सांगितलं नव्हतं.

निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला. सदर व्यक्तीस ताबडतोब मुक्त करावे व तिच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी पोचवावे. तिच्यावर कुणाचीही मालकी नाही. तिच्या इच्छेविरुद्ध तिला कुणीही बांधून, अडकवून अथवा कामास जुंपून ठेवू नये. निकालातली भाषा इतकी सुंदर होती की वाल्मीक वकिलांनी तो भिवाजींना दोनदा वाचून दाखवला. भिवाजींना दुसऱ्यांदा ऐकताना शंका आली, पण तोवर पेढे वाटून झाले होते.

मुक्ततेचा समारंभ धरणाच्या काठावर झाला. मांडव घातला होता, वार्ताहर आले होते. जयसिंगराव साहेबांनी स्वतः नावेला हार घातला. जया पल्याडहून वडिलांबरोबर रात्रीच निघून आली होती. तिने वेण्या घट्ट घातल्या होत्या आणि पाठीला दप्तर होतं. आज नाव मिळाली की सोमवारी हेडमास्तरांना भेटून पुन्हा पटावर यायचं, असं तिचं ठरलं होतं.

नाव पाण्यात सोडली गेली. मौला दोरी घेऊन पुढे झाला, तर हवालदाराने त्याचा दंड धरला.

"दोरी खाली ठेव. बांधायची नाही असा कोर्टाचा हुकूम आहे."

"बांदली न्हाई तर वाऱ्यानं जाईल की वो."

"जाईल. स्वतंत्र आहे ती."

मौलाने वल्ही पुढे केली. वल्हवणं म्हणजे कामाला जुंपणं, असा खुलासा साहेबांनी केला. वारा सुटला होता. नाव सावकाश फिरली, तिने काठाकडे पाठ केली आणि सगळ्यांच्या देखत पाण्यात निघून गेली. जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. मौला तिथेच उकिडवा बसला आणि त्याने डोळ्यांवर हात घेतले.

"सायेब," भिवाजी म्हणाले, "आमी कसं जायाचं?"

साहेब मोठ्या मनाचे होते. त्यांनी जागच्या जागी लेखी सवलत दिली. सदर व्यक्ती स्वेच्छेने, म्हणजे वाऱ्याने, काठाला आली, तर ग्रामस्थांनी तिच्यात बसण्यास हरकत नाही. मात्र तिला कुठे जायचं आहे, ते तीच ठरवेल.

तेव्हापासून जया रोज दप्तर घेऊन पल्याडच्या काठावर उभी राहू लागली. कधी नाव येई आणि जयाला घेऊन भलत्याच खाडीत शिरे. कधी अर्ध्यावर थांबून दिवसभर उन्हात उभी राही. मग भिवाजी काठाकाठाने हाका मारत फिरायचे. अल्याडला पोचायचं म्हणजे वारा नेमका पाहिजे. वार कोणता ते बघत बसलं तर वारा निघून जातो, म्हणून जया सुट्टीच्या दिवशीही उभी राहायची.

निकालाची बातमी पुण्याच्या वर्तमानपत्रांत ठळक आली. देशात कायद्याचं राज्य आहे, याबद्दल ज्यांना शंका होती त्यांची ती फिटली. रविवारी स्कूटरी आणि गाड्या घेऊन लोक मुक्त नाव बघायला येऊ लागले. भज्यांच्या टपऱ्या लागल्या. एका रविवारी तुम्हीही आला होतात, वहिनी आणि मुलं बरोबर होती, नवा कॅमेरा होता. 

त्या दिवशी वारा नेमका होता. नाव पल्याडहून सरळ येत होती आणि तिचं टोक काठापासून हातभरावर आलं होतं. आत एक मुलगी दप्तर सावरून उडी मारायच्या बेतात उभी होती. पण काठाला लागलेली नाव फोटोत स्वतंत्र वाटत नाही. म्हणून तुम्ही मुलांना हसायला सांगितलंत आणि पायाने नाव जरा आत लोटलीत.

फोटो छान आला. तुमच्या दिवाणखान्यात तो अजून आहे. मागे नावेतली मुलगी दोन्ही हात हलवते आहे, आणि गावाकडची माणसं किती प्रेमळ असतात ते तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता.