चार हातांच्या कीबोर्डाची आणि लॅपटॉप खरेदीच्या मोहिमेची हकीकत

श्रीगजवदनास नमस्कार, मग विद्येच्या देवतेस नमस्कार, मग कुलस्वामीस नमस्कार, आणि वीजपुरवठ्याची जी कोणी देवता असेल तिला विशेष नमस्कार, की हे लिहून होईतो तिणे दिवे राखावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध पक्ष, ते समयी एका दौलतीत लॅपटॉप खरेदीची मोठी मोहीम जाहली. तिची हकीकत साहेबी पुसली, सबब जैसी पाहिली आणि जैसी ऐकिली तैसी लिहितो. दौलतीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तिसरा मजला, दोन खोल्या आणि एक गॅलरी, इतका मुलूख. तेथे राजश्री अविनाशपंत राज्य करीत होते, शाळेत चित्रकलेचे मास्तर, सांप्रत निवृत्त. त्यांचे कुटुंब नीलिमाबाईसाहेब, खरा कारभार त्यांचेच हाती. आणि कन्या एकच, केतकीबाई, वय वर्षे बावीस, बहुत हुशार. कन्येने कॉम्प्युटरवरील खेळ रचण्याची विद्या शिकावी ऐसे ठरले, आणि सातासमुद्रापलीकडच्या विद्यापीठाचा खलिता आला की येणे, आणि सोबत असा लॅपटॉप आणणे की भारीतला भारी खेळ त्यावर अडखळता कामा नये. खलिता वाचून घरात पेढे वाटले गेले आणि पंतांनी दोन खाल्ले, परंतु ते त्यांस गोड लागले नाहीत.

याचे कारण मागील आहे. शके एकोणीसशे बत्तीस साली या दौलतीत पहिला कॉम्प्युटर आला. पंतांचा जुना विद्यार्थी इरफान मुजावर, त्याणे नुकतेच दुकान थाटले होते, त्याणे सुटे भाग जमवून तो जोडून दिला. डबा पांढरा, स्क्रीन देव्हाऱ्याएवढी खोल, आणि आतून असा तापे की एका बाजूचा पत्रा काढून समोर टेबलफॅन लावावा लागे. त्यावर खेळाची एक सीडी आली. खेळात एक धनुर्धारी शिपाई, त्याणे डोंगर चढावे, किल्ले घ्यावे. त्यास चालविणे डाव्या हाताने, कीबोर्डाच्या चार कळांवर. आणि नेम धरविणे उजव्या हाताने, माऊसवर. केतकीबाई तेव्हा सात वर्षांच्या. दोन्ही हात एकदम जमेनात आणि डोळ्यांत पाणी आले, तेव्हा पंत म्हणाले, "रडू नकोस. पाय माझे, डोळे तुझे." मग तोच या दौलतीचा कायदा जाहला. पंतांनी डावीकडे लाकडी स्टुलावर बसावे, बाईंनी उजवीकडे खुर्चीवर, आणि खुर्चीवर दोन जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवाव्या म्हणजे हनुवटी टेबलाच्या वर येई. रविवारी पोहे जाहले की मोहीम निघे. "बाबा, पळ! बाबा, डावीकडे! अरे बाबा, दुसरं डावीकडे!" ऐसा कल्लोळ उठे आणि खालच्या मजल्यावरचे लोक छताकडे पाहत. (कन्येने पित्यास अरेतुरे करणे हा या काळचा रिवाज आहे, त्यात अमर्यादा नाही.) वाटेत झुलता पूल लागे. त्या पुलाशी पंतांचे वाकडे. फळी चुकावी आणि शिपाई दरीत जावा, हे ठरलेले. परंतु बाईंनी एक दिवस रागे भरू नये. "परत" इतकेच म्हणावे आणि पुन्हा आरंभ करावा. मग डबा बदलला, स्क्रीन चपटी जाहली, डिरेक्टऱ्या रद्दीत गेल्या, बाईंची दहावी जाहली, बारावी जाहली, कॉलेज जाहले, तरी रविवारी चार हात एका कीबोर्डावर, यात खंड नाही. ते सुख ज्याणे भोगले त्यासच ठाऊक. आता तैसे रविवार कोठून आणावे.

तर मोहीम सुरू जाहली. बाईंनी फर्मान लिहिले की ग्राफिक्स कार्ड वेगळे आणि जबरदस्त असावे, कारण खेळातील सारे डोंगर आणि नद्या तेच उभे करते; रॅम बत्तीस जीबीहून उणी नसावी; आणि आतली उष्णता बाहेर फेकणारे पंखे दमाचे असावे. पंतांनी ते घडी करून खिशात ठेविले आणि पितापुत्रींची स्वारी बाजारात निघाली, आणि आठ दिवसांत चार दुकाने पालथी घातली. परंतु पंतांस एक यंत्र पसंत पडेल तर शपथ. एकाचा पंखा मिक्सर लावल्यासारखा ओरडतो. एकाचा चार्जर पाट्याच्या वरवंट्याएवढा. एकाच्या कळांखाली लाल-निळे दिवे, ते पाहून पंत म्हणाले, "ही काय गणपतीची आरास आहे?" आणि चौथ्यात काहीच खोड सापडेना तेव्हा कीबोर्ड अरुंद निघाला. दर दुकानी पंतांनी दुसरे स्टूल मागवावे, कन्येच्या डावीकडे बसावे, कोपरास कोपर लागून पाहावे आणि मान हलवावी. दुकानदारांस याचा उलगडा होईना. लॅपटॉप दोघांनी बसून खेळण्याची वस्तू नव्हे, हे पंतांस तोंडावर सांगण्याची छाती कोणास जाहली नाही, आणि केतकीबाईही काही बोलत ना.

मग त्रयोदशीचे सकाळी नीलिमाबाईसाहेबांनी चहा पुढे ठेवून सरळ तोफ डागली. म्हणाल्या, "उद्या अनंत चतुर्दशी, परवा पौर्णिमा, की लागला पितृपक्ष. पितृपक्षात मी नवी वस्तू उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि पोरीचं विमान काही पंचांग बघून उडत नाही. आज घ्यायचा तर घ्या." पंत म्हणाले, "मनासारखा मिळायला हवा ना." तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "तुम्हाला लॅपटॉप पसंत नाही, की तिचं जाणं?" पंत चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले आणि चहा निवून गेला. खरी गोष्ट ऐसी की त्यांस वाटे, लॅपटॉप आला की आपले स्टूल गेले. पोर तिकडे एकटी, तिचे पाय कोण चालवील? हे त्यांणी मनाशी कबूल केले. परंतु त्याखाली दुसरे होते ते कबूल केले नाही, की आपल्यावाचून तिचे थोडे तरी अडावे. बापाचे मन आहे, त्यास काय म्हणावे!

मग बाईसाहेबांच्या धाकाने स्वारी इरफान मुजावराच्या दुकानी गेली. दुकान आता मोठे जाहले होते, काचेचे दार, आत गारवा, परंतु इरफान उठून उभा राहिला तो वर्गात राहत असे तैसाच. म्हणाला, "या सर. आधीच इकडं यायचं ना." मग बाईंचे फर्मान वाचून त्याणे मसलत दिली, ती या विषयातील मोठी मसलत होय. म्हणाला, "सर, नुसतं कार्डाचं नाव बघून फसू नका. तेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये पुरता जोर लावतं आणि दुसऱ्यात निम्मा. कंपनी त्याला वीज किती देते आणि उष्णता किती बाहेर काढते, ते बघायचं. पातळ आणि देखणा घेतला की खेळताना तापतो आणि मग मुद्दाम सावकाश चालतो. आणि बॅटरीवर खेळायचं मनात आणू नका, तासाभरात मान टाकतो." ऐसे बोलून त्याणे आतून एक काळा, जाडसर, बिनदिव्यांचा लॅपटॉप आणिला, चार्जर लाविला, आणि त्याच धनुर्धारी शिपायाचा नवा खेळ त्यावर सुरू करून दिला. आता त्यात पानन् पान हले आणि नदीत आभाळ दिसे. पंत स्टूल शोधू लागले, इतक्यात इरफान म्हणाला, "सर, तेवढे वॉरंटीचे कागद बघून घ्या," म्हणून पंत काउंटराकडे वळले आणि चष्मा लावून बारीक अक्षर वाचू लागले.

तो पाठीमागे इरफानच्या तोंडून "वा!" निघाले. पंत वळून पाहतात तो केतकीबाई एकट्या. डावा हात चार कळांवर, उजवा माऊसवर, आणि शिपाई वाऱ्यासारखा धावत होता. पुढे झुलता पूल, या खेळातही होताच, परंतु शिपायाने एक फळी टाळली, दुसरी टाळली, तिसरीवरून उडी घेतली आणि उडीतच बाण सोडून पलीकडचा पहारेकरी पाडला. ज्या पुलाने पंधरा वर्षे पंतांचे पाणी जोखले, तो पूल त्या डाव्या हाताने बोलता बोलता पार केला. हा हात कालचा शिकाऊ नव्हे, हे चित्रकलेच्या मास्तरास सांगावे लागत नाही. मग बाईंनी मान वर केली, पंत दिसले, आणि चोरी उघडी पडावी तैसा त्यांचा डावा हात कळांवरून निघाला. तिकडे शिपाई कड्यावरून खाली गेला.

पंत म्हणाले, "तुला येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"सातवीपासून. तू सहलीची मुलं घेऊन चार दिवस गेला होतास ना, तेव्हा शिकले."

"मग बोलली का नाहीस?"

केतकीबाई म्हणाल्या, "बोलले असते तर तू उठून पेपर वाचायला गेला असतास."

"आणि मी सारखा दरीत पडायचो, ते?"

"पडायचास तर पडायचास. मला कुठं किल्ला घ्यायची घाई होती, बाबा?"

इरफान पाठ फिरवून एक स्वच्छ काच पुन्हा पुसू लागला. दहा वर्षे आपण पोरीस खेळवितो ऐसे समजत होतो आणि दहा वर्षे पोर आपणांस खेळवीत होती, हे पंतांच्या ध्यानी आले. मग चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते म्हणाले, "इरफान, हाच दे."

इरफान म्हणाला, "सर, कीबोर्ड थोडा अरुंद आहे हं याचा."

पंत म्हणाले, "एकीला पुरतो."

मग स्वारी घरी आली, आणि नीलिमाबाईसाहेबांनी यंत्रास हळदकुंकू वाहिले, फूल ठेविले, आणि खेळ भरून होण्यास दुपार गेली. मग केतकीबाईंनी आपण होऊन स्टूल ओढले आणि डावीकडे मांडले. परंतु पंत मागे पलंगावर बसले आणि म्हणाले, "तू खेळ. मी बघतो." इतकी वर्षे पंतांची नजर शिपायाच्या पायांवर आणि आपल्या चार कळांवर, कन्या खेळते कैसी, हे त्यांणी कधी पाहिलेच नव्हते. आता पाहिले. नेम धरिते तेव्हा जीभ गालात घालते. जखमी शत्रू पळू लागला तर बाण आवरते आणि त्यास जाऊ देते. आणि खिंडीच्या माथ्यावर पोहोचली की लढाई टाकून उगीच उभी राहते. पंतांनी पुसले, "काय झालं? अडलं का?" तेव्हा पडद्यावरील मावळतीचा डोंगर दाखवून ती म्हणाली, "काही नाही रे. त्यांनी सावलीत जांभळा घातलाय, बघ. काळा नाही घातला." सावलीत काळा घालू नये, हे पंतांनी तीस वर्षे वर्गांतून सांगितले आणि कोणी ऐकले नाही ऐसे मानून ते निवृत्त जाहले होते. पंत उठून जवळ गेले आणि तो डोंगर दोघांनी बहुत वेळ पाहिला, आणि कीबोर्डास कोणी हात लाविला नाही.

हकीकत इतकीच. कन्या ठरल्या दिवशी गेली. विमानतळावर पंत रडले, नीलिमाबाईसाहेब रडल्या नाहीत, घरी येऊन रडल्या. यंत्र उत्तम चालते. तापते, ओरडते, परंतु अडखळत नाही, ऐसे तिकडून वर्तमान आले. आता गावात कोणी आपल्या पोरास खेळाचा लॅपटॉप घेणार असेल तर पंतांस पुसण्यास येतो, आणि पंत कार्डाची वीज, रॅम, पंखे, चार्जर, सारे तोंडपाठ सांगतात. मग तो मनुष्य निघाला की त्यास जिन्यापर्यंत पोहोचवितात आणि म्हणतात, "आणि हे बघा, पैसे देण्याआधी पोराला एकट्याला खेळू द्या. आपण थोडं मागं उभं राहायचं."