सामंतकाकांची नळी

आमच्या सोसायटीत उदबत्ती लावायची चोरी. जिन्यात वास आला रे आला की दुसऱ्या मजल्यावरचे सामंतकाका दारात हजर! "वास छान आहे हो. पण आता हा धूर जाणार कुठं?" एकदा भाईंदर स्टेशनसमोर एका रिक्षावाल्याला त्यांनी हेच विचारलं. तो म्हणाला, "चाचा, आपको कहाँ जाना है, वो बोलो."

काकांना बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा येरझाऱ्या घालत प्यायचे. निवृत्तीच्या आधी ते प्रयोगशाळेतले मदतनीस म्हणून बोटीवरून पार दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन आले होते. तिथं क्रिल नावाचा इवलासा जीव असतो. "आपल्या जवळ्याचा, त्या बारक्या कोलंबीचा, थंडीतला चुलतभाऊ समजा. धुरातला कार्बन समुद्रात विरघळतो. पाण्यातलं शेवाळ तो घेतं. शेवाळ क्रिल खातो आणि हगतो! ते जातं खाली खाली, थेट तळाला. शेकडो वर्षं वर येत नाही. कळलं?" हे ते लग्नात सांगायचे, समोरच्याच्या तोंडात श्रीखंड असताना.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कशाला लिहीत बसलो असतो? पण १९९०च्या सुमारास काकांनी गॅलरीत माणूसभर उंचीची काचेची नळी उभी केली. दर रविवारी उत्तनच्या कोळीवाड्यात जायचं, डब्यातून खारं पाणी आणि जिवंत जवळा आणायचा, नळीत सोडायचा आणि हातात घड्याळ घेऊन त्याची लेंडी तळाला किती वेळात जाते ते बघायचं. जवळा विकणारी रोझीबाय कपाळावर हात मारायची. "जवला खायाला हाय बाबा, पालायला न्हाय!"

तिचंच खरं. जवळा संध्याकाळपर्यंत मरायचा आणि सोमवारी सगळा जिना घमघमायचा. समोरच्या शाहभाभी कांदासुद्धा न खाणाऱ्या. त्या नाकाला पदर लावून माझ्याकडे आल्या. "सेक्रेटरीसाब, या तो वो मच्छी रहेगी, या हम!"

त्या रविवारी मी तणतणत वर गेलो. काका नळीपुढे फेऱ्या मारत होते. "काका, पुरे झालं. आज ही नळी इथून हलली पाहिजे."

काका थबकले. "हलवतोस? हलव. फक्त आजचं एकदा बघू दे." मग नळीकडेच बघत म्हणाले, "तुझी काकू गेली तेव्हा मी त्या बोटीवर होतो. परत आलो तर सगळं उरकलेलं. राखसुद्धा ठेवली नव्हती रे माझ्यासाठी. जो तो सांगतो, ती वर गेली. वर काय आहे? नुसता वारा. कुठंही भरकटवतो. आयुष्यभर मी तिला एकटं ठेवलं, आता तरी तिला एक जागा नको? तिचा धूर तळाला पोचला असेल तर तिथं तिला कुणी हलवणार नाही."

  मग त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिलं. "तू धर. मी लेंडी बघतो."

काळा ठिपका सुटला. मी काटा बघत होतो, काका ठिपका. तो हळूहळू उतरला आणि तळाला टेकला.

"पोचला," मी म्हणालो.

काकांनी स्टूल ओढलं आणि ते बसले.

शाहभाभींना मी सांगितलं, वास येणार नाही, जबाबदारी माझी. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी नळी मीच धुतो.