तानुबाईंचे सदस्यत्व

रोज एक नवी गोष्ट शिकणारा माणूस कधीच वाया जात नाही. फार तर इतरांचा वेळ वाया जातो.

या सत्याला धरून निवृत्त अधीक्षक उद्धवराव यांनी दर्यापुरात 'दैनिक ज्ञानवर्धन मंडळ' काढले. मंडळ मोबाइलवर भरते. आज काय नवीन शिकलो ते सकाळी आठच्या आत कळवायचे, आणि एकदा शिकलेले पुन्हा शिकायचे नाही. (पुनरुक्ती हे अज्ञानच होय : पोटनियम चार.) मी चिटणीस असल्याने आकडे देतो. अकरा महिन्यांत एकशे बारा सदस्य साडेसदतीस हजार गोष्टी शिकले. ऑक्टोपसला तीन हृदये असतात, हे एकट्या मार्चमध्ये एकोणीस जण शिकले आणि तेवढेच विसरले. (दर्यापुरात आठ पाय एकत्र पाहायचे तर दोन म्हशी लागतात.)

मग बसस्थानकासमोर आलुबोंडे तळणाऱ्या तानुबाई मंडळात आल्या आणि शिस्त बिघडली. त्या बोलून निरोप पाठवत. पहिल्या दिवशी : "आज 'क' शिकली." दुसऱ्या दिवशी : "आज बी 'क'च. कालचा इसरली." पाचव्या दिवशीही 'क'. मंडळाने त्यांना खुलाशासाठी बोलावले.

"एकाच अक्षरावर पाच दिवस काहून, तानुबाई?" उद्धवरावांनी विचारले.

"येतच नाई त काय करू, साहेब? तुमी दोन दिवस शिकवून द्या ना मले."

उद्धवरावांना सवड नव्हती. त्या आठवड्यात ते देवमाशांची झोप शिकत होते. तानुबाईंचे सदस्यत्व एकमताने रद्द झाले. ठराव मीच लिहिला. अक्षर चांगले आले.

त्यानंतरच्या त्यांच्या शिक्षणाची मंडळाकडे नोंद नाही. लोक सांगतात, एसटी लागली की त्या झारा हातात घेऊन पाटीसमोर उभ्या राहत आणि भेटेल त्या उतारूला विचारत, "हा 'अ' हाये ना, भाऊ? मंग अकोलाच असन." 'हिवरखेड'ला नऊ दिवस लागले, आणि तीन घाणे जळाले.

दिवाळीनंतर त्यांचा भाऊ नत्थुजी बहिणीला आणि एका कागदाला घेऊन उद्धवरावांकडे आला. साक्षीदार म्हणून उद्धवरावांनी आणि मी तत्परतेने सह्या केल्या. नत्थुजीने शाईची डबी पुढे सरकवली.

"लाव अंगठा, ताई. सातबाऱ्यावर तुयं नाव चढवाचं हाये, बाकी काई नाई."

तानुबाईंनी पदराला बोट पुसले आणि पहिल्या ओळीवर ठेवले. "ह... क्क... सो... ड..." बोट थांबले. "नत्थू, बाबाच्या वावरातला हक्क सोडून राहिली काय मी?"

नत्थुजी पंख्याकडे पाहू लागला. तानुबाई उद्धवरावांकडे वळल्या.

"साहेब, तुमी त सही केली. वाचलं नोतं काय?"

"सगळंच वाचत बसलो त शिकाचं कवा, बाई?" उद्धवराव म्हणाले.

तानुबाईंनी कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि त्या निघून गेल्या. वावर अजून दोघांच्या नावावर आहे.

मंडळाने गंभीर दखल घेतली. 'सही करण्यापूर्वी कागद वाचावा' हे दुसऱ्याच दिवशी सर्वांना कळवण्यात आले, आणि त्याखाली एकशे बारा सुशिक्षितांनी मोबाइलवरचा अंगठा उमटवला.

वाचकहो, तुम्ही हसलात, ठीक आहे. 'वरील सर्व अटी मला मान्य आहेत' यावर तुम्ही शेवटचा अंगठा दाबलात, त्यातली पहिली अट तेवढी सांगा.