सोमवार लांडग्यांचा, मंगळवार सशांचा

एका जंगलात, बाळांनो, वाघापेक्षा फाशांचा धाक मोठा होता. संध्याकाळ झाली की सगळी पिल्लं वडाखाली गोल करून बसत. वामनराव खवले नावाचे एक खवल्या मांजर त्यांना खेळ रचून देत. कुणी योद्धा होई, कुणी जादूगार. वामनराव प्रसंग सांगत, पिल्लं फासे टाकत, आणि मग लांडगेगडाची फौज ससेपूरच्या फौजेवर तुटून पडे.

या खेळात लांडगे दुष्ट होते आणि ससे सज्जन. पिल्लांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

एक दिवस लांडग्यांचे पुढारी भैरोजी वामनरावांकडे आले. अगदी अदबीनं बसले.

"वामनराव, तुमचा हात चांगला आहे," ते म्हणाले. "पण आमचा लांडगा फार सपाट उतरलाय हो. आमची पोरं घरी येऊन रडतात. लांडग्याला आई नसते का?"

वामनरावांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. शिवाय एवढं मोठं जनावर आपल्या दारी येऊन आपल्या लेखनावर बोलतं, याचा आनंद काही वेगळाच. त्यांनी लांडग्यांना आई दिली. मग बालपणीचं दुःख दिलं. मग काळा झगा दिला आणि एक फर्मास समरगीतही दिलं.

सशांच्या नावावर मात्र अजून एकही पाप नव्हतं. हे काही बरं दिसेना.

दोन दिवसांनी धोंडूताई ससे तणतणत आल्या. पाणवठ्याच्या काठाला त्यांचं बीळ होतं, आणि बीळभर पिल्लं.

"आम्ही लांडग्यांची गावं जाळली, असं लिहिलंत. कधी जाळली हो आम्ही?"

"समतोल राखावा लागतो, ताई."

"पण आम्ही जाळली नाहीत."

"तेच तर. तुमचं खरं पाप सापडलं असतं, तर मला मनानं कशाला रचावं लागलं असतं?"

"आणि आमच्या शिपायांचा पळण्याचा वेग का कमी केलात?"

"लांडग्यांच्या हाती लागत नव्हते ते. खेळ एकतर्फी होत होता."

धोंडूताई तणतणतच परत गेल्या. खेळ तुफान चालला. सशांची पिल्लंसुद्धा हट्टानं लांडगाच व्हायची. गाणं त्या बाजूला होतं ना.

पुढे उन्हाळा आला. लांडगे खरोखरच पाणवठ्यावर येऊन बसू लागले आणि ससे खरोखरच कमी होऊ लागले. धोंडूताईंनी वाघमहाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दरबार भरवला. ते स्वतः खेळात जादूगार होत, त्यामुळे विषय त्यांना पाठ होता.

"दोन्ही बाजूंना आपापलं दुःख असतं," महाराज म्हणाले. "एकाचीच कड घेणं जुन्या काळी चालायचं. वामनराव, तोडगा तुम्हीच सांगा."

धोंडूताई वामनरावांकडे आशेनं बघत होत्या. खरं काय ते वामनरावांना ठाऊक होतं. अगदी ओठांपर्यंत आलंही. पण तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, आपल्याला लोक एकांगी म्हणाले तर? या विचारानं त्यांना दरदरून घाम फुटला.

"सोमवारी लांडग्यांनी ससे खावेत," ते म्हणाले. "मंगळवारी सशांनी लांडगे खावेत."

दरबारानं माना डोलावल्या. इतका निःपक्षपाती निवाडा कुणी ऐकला नव्हता.

सोमवार यथासांग पार पडला.

मंगळवारी सकाळी धोंडूताई वामनरावांच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर आता एकच पिल्लू होतं.

"आज आमची पाळी," त्या म्हणाल्या. "चला. लांडगा कुठून खायला घ्यायचा, तेवढं दाखवा."

वामनरावांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. मग त्यांनी हळूच शेपूट तोंडावर ओढून घेतलं आणि अंगाचं मुटकुळं केलं. धोंडूताई बराच वेळ त्या मुटकुळ्यासमोर उभ्या होत्या.

भैरोजी मात्र दिवसभर पाणवठ्यावर हजर होते. एकही ससा त्यांना खायला फिरकला नाही.

"बघा," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आम्ही नियम पाळला. त्यांनाच हक्काची किंमत नाही."

तात्पर्य : हक्क सर्वांना अगदी सारखे द्यावेत. मंगळवारी उपाशी कोण राहिलं, याची चौकशी करणं म्हणजे मात्र पक्षपात होय.