लसणाची कुल्फी आणि सिंहाचं काळीज

एका जंगलात, बाळांनो, भर उन्हाळ्यात कुल्फी मिळायची. बर्फ कुठून यायचा, हे विचारायचं नाही. गोष्टीतला सिंह बोलतो ते तुम्हाला चालतं, मग बर्फानेच काय घोडं मारलंय? गप्प ऐका.

ही कुल्फी करायची भागूआत्या अस्वलीण. आटवलेलं दूध, जाड मलई, वर पिस्ते. सिंहमहाराज छावा होते तेव्हापासून तिच्याच हातची खायचे. खाऊन खाऊन असे सुटले, की डरकाळी फोडायची तर आधी टेकून बसावं लागे.

एक दिवस बसल्या जागी त्यांच्या छातीत धडधडू लागलं. वैद्यबुवा सुतारपक्षी धावत आले. चोचीने छाती ठोकून पाहिली. टक टक टक.

"मलई बंद," ते म्हणाले. "नाहीतर महाराज दिवाळी बघत नाहीत."

आत्याला रडूच कोसळलं. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मीच माझ्या लेकराच्या जिवावर उठले होते की काय?"

मग तिने डोळे पुसले आणि कंबर कसली. कुल्फी सोडायची नाही, हृदयाला मानवेल अशी करायची! दुधीचा रस घेतला. जवसाचं पीठ घेतलं. आवळा किसला. वैद्यबुवा जाता जाता लसणाचं कौतुक करून गेले होते, म्हणून सोललेला लसूण ओंजळभर टाकला. साखरेचं तर नावच नको.

महाराजांनी पहिला घास घेतला. आयाळ ताठ उभी राहिली.

"लसणाची चव लागतच नाही, हो ना?" आत्या म्हणाली. "घ्या अजून एक. माझी शपथ!"

इथेच तर सगळी गोम आहे. त्या जंगलात कुणी आग्रहाने पुढे केलेलं खाणं तोंडावर नाकारत नसत. एका कोल्ह्याने एकदा "नको" म्हटलं होतं. त्याच्या घरच्या लग्नाला अजून कुणी जात नाही. राजा झाला म्हणून काय झालं, रीत म्हणजे रीत. महाराजांनी मुकाट्याने दुसरीही गिळली.

पण समोर नसलेल्याला नकार द्यावाच लागत नाही. दुसऱ्या दिवशी आत्या लांबून दिसली आणि महाराज उठून पळत सुटले.

"राजे, विरघळतेय हो!" आत्या मागे.

करवंदीच्या जाळीतून, ओढ्यावरून, थेट टेकडीपलीकडे. रोज तेच. आत्याही मायेची इतकी खरी, की एक दिवस खाडा करील तर शपथ.

पावसाळा सरला. वैद्यबुवांनी पुन्हा छाती ठोकली. चोच दुखली.

"हृदय नगाऱ्यासारखं वाजतंय! रोज कुल्फी घेता ना?"

"आत्या रोज आणते," महाराज म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत.

वैद्यबुवांनी लगेच दवंडी पिटवली, की लसणाची कुल्फी हृदयाला अमृत आहे, सर्वांना रोज द्यावी. तेव्हापासून संध्याकाळ झाली की अख्खं जंगल पळू लागलं. गोगलगायसुद्धा. तिला फार लांब जाता येईना, म्हणून ती सर्वात आधी निघे.

दिवाळी आली. महाराज जिवंत होते! आत्याचा आनंद पोटात मावेना. तिने वैद्यबुवांची परवानगी काढली आणि त्या एका दिवसापुरती जुनी कुल्फी केली. आटवलेलं दूध, जाड मलई, वर पिस्ते.

महाराजांना आत्या दिसली आणि त्यांचे पाय आपोआप निघाले.

"अहो राजे, थांबा! मलईची आहे हो!"

"लसणाची चव लागत नाही, असंही हीच म्हणाली होती," महाराज पुटपुटले आणि टेकडी ओलांडून गेले.

आत्या ओढ्याकाठी बसली. कुल्फी हातावर ओघळू लागली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि स्वतःच खाऊन टाकली. तिला महाराजांची फार आठवण आली.

तात्पर्य : हृदयासाठी पौष्टिक कुल्फीसारखं औषध नाही. फक्त ती कधी तोंडात घालू नये.