वायफाय सर्वत्र समाधानकारक

जगात सुटणार नाही अशी अडचण नसते. ज्याची अडचण असते त्याने ती योग्य नमुन्यात सादर केलेली नसते, एवढेच. हे म्हणणे माझे नाही, बाबांचे आहे. बाबा (श्री. वासुदेव, वरिष्ठ लिपिक, सत्तावीस वर्षे निष्कलंक सेवा) डहाणूच्या एका सरकारी कार्यालयात लोकांच्या अडचणींवर शेरे मारतात आणि शिल्लक राहिलेले शेरे संध्याकाळी घरी घेऊन येतात.

माझी अडचण अशी होती. तेवीस तारखेला, रविवारी सकाळी साडेअकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती. पुण्यात तीन आठवड्यांचे खगोलशास्त्राचे शिबिर, तेही खऱ्या दुर्बिणीसकट. जिल्ह्यातून अकरावीच्या चौघांनाच बोलावणे आले, त्यातली मी एक. (हे वाक्य या कथेत एकदाच लिहायचे ठरवले आहे. घरात मी ते दिवसातून सहा वेळा म्हणते.) तीन मिनिटांत जोडणी झाली नाही तर उमेदवार गैरहजर समजण्यात येईल, असे ईमेलमध्ये ठळक अक्षरांत लिहिले होते.

आणि माझ्या खोलीत वायफायची रेंज येत नव्हती.

आमचे घर १९५८ सालचे. भिंती दीड फूट जाड. ऊन आणि शेजाऱ्यांची भांडणे आत येऊ नयेत एवढेच त्या काळच्या गवंड्यांना सांगितले असणार. त्यांनी जमेल ते सगळेच अडवून ठेवले. खोल्या एकामागे एक: बाहेरची, मधली, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे माझी. राउटर बाहेरच्या खोलीत, शोकेसमध्ये, ललितकाकांची कॅरमची ढाल आणि काचेचा ताजमहाल यांच्या मधोमध. धूळ बसू नये म्हणून काच बंद. हिरवे दिवे पाहुण्यांना दिसावेत म्हणून त्याचे तोंड सोफ्याकडे.

मी स्वतः मोजणी केली. (पद्धत विचारू नये.) बाबांची खुर्ची ९६ टक्के. काकांचा झोपाळा ९१. पाहुण्यांचा सोफा ८८. मधली खोली ४०, तीही दार उघडे असल्यास. स्वयंपाकघर ३. माझी खोली ०. पत्र्याच्या ट्रंकेवर उभे राहिल्यास एक काडी, पण ट्रंकेवर उभे राहून मुलाखत दिली तर कॅमेऱ्यात फक्त पंखा दिसतो.

"मला कुठे लागतं वायफाय?" आई म्हणाली. आई तलासरीकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. शाळेची माहिती ती रोज खिडकीच्या गजात फोन अडकवून, एका हाताने आमटी ढवळत भरते.

"लेखी दे," बाबा म्हणाले. मी लेखी दिले. समास सोडलेला नाही म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्यांदा स्वीकारला गेला आणि समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, बाबा. तांत्रिक सदस्य, ललितकाका. (काका तारापूरच्या एका कारखान्यात स्टोअरला आहेत; त्यामुळे घरात ते इंजिनीअर समजले जातात.) महिला प्रतिनिधी, आई. सभेच्या वेळी ती भजी तळत असल्याने तिची उपस्थिती आतूनच ग्राह्य धरली गेली.

सोळा तारखेला स्थळपाहणी झाली. समितीने मागच्या खोलीपर्यंत जाणे अपेक्षित होते, परंतु चहा बाहेरच आला. दोन्ही सदस्यांनी आपापल्या आसनावरून मोबाइल उघडले. काकांचा क्रिकेटचा व्हिडिओ एकदाही अडकला नाही. अहवाल जागेवरच तयार झाला: "घरातील वायफाय सर्वत्र समाधानकारक." खाली बाबांची सही, तारखेसह.

"काका, एकदा माझ्या खोलीत या ना."

"अगं, इथे फुल येतंय, तिथे कसं नाही येणार? एकच तर घर आहे. तुझा मोबाइल थकलाय."

"हरकत नोंदवली," बाबा म्हणाले आणि भजी मागवली.

तरीही अर्जदाराचे समाधान व्हावे म्हणून काकांनी उपाययोजना केल्या. राउटरमागे स्टीलचे ताट उभे केले. राउटरचे कान, म्हणजे अँटेना, ईशान्येकडे वळवले. डब्याची चंदेरी फॉइल ताजमहालाला गुंडाळली. परिणाम ताबडतोब दिसला: झोपाळा ९१ वरून ९४.

मग केबलवाला नितीन आला. त्याने भिंतीवर दोन टिचक्या मारल्या आणि माझ्या खोलीपर्यंत चालत गेला. (असे करणारा तो पहिलाच माणूस.)

"मधल्या खोलीत घ्या काका, दाराच्या वर. वायर मी ओढून देतो, दहा मिनिटांचं काम. सगळीकडे चालसे."

"पण तिथे दिसणार कोणाला?" बाबांनी विचारले.

"दिसायला कशाला पायजे? वायफाय आहे, गणपती नाय."

हे बोलणे समितीच्या कार्यकक्षेबाहेरचे ठरले. त्याऐवजी रेंज पुढे ढकलणारे एक नवे यंत्र आणले गेले आणि ओट्यावर, फाटकाजवळ लावले गेले, कारण मोकळा प्लग तिथेच होता. आता फाटकाबाहेर उभ्या रिक्षावाल्यांनाही फुल रेंज येते. पासवर्ड काकांनीच दिला. माणुसकी म्हणून.

बावीस तारखेला शाळेत मी रोशनीला हे सगळे सांगितले. रोशनी माझी मैत्रीण, सायवनची. तिच्या पाड्यावर रेंज फक्त टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ येते, आणि तिथे तिची आई, पोलीस पाटील आणि बकऱ्या एकाच रांगेत उभ्या असतात.

"म्हणजे तुमच्या घरात रेंज आहे, पण तुला नाय भेटत," ती म्हणाली. "मग भेटते कोणाला?"

मी वहीतले कोष्टक काढून दाखवले. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचले आणि हसत सुटली. मग मलाही दिसले. ते भिंतींचे कोष्टक नव्हतेच. आमच्याकडे पाहुणे आले की कोण कुठे बसते, त्याची ती यादी होती. गवंड्यांना मी उगाच बोलले.

तेवीस तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी मी लॅपटॉप घेऊन बाबांच्या खुर्चीत बसले. पंचविसाव्या मिनिटाला फाटक वाजले. बाबांचे निवृत्त साहेब, न कळवता.

"प्रगती, ऊठ बाळा. साहेब आलेत. आत जाऊन बस."

"आत रेंज नाही, बाबा."

"आहे. सर्वत्र समाधानकारक आहे," बाबा म्हणाले. सही केलेल्या कागदावर माणसाचा विश्वास किती असावा, हे मी त्या दिवशी पाहिले.

मी उठले नाही. खुर्ची घट्ट धरली. साहेब उभे. बाबा उभे. काका झोपाळा थांबवून बसलेले. तेवढ्यात आई पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तिने तो टेबलावर ठेवला आणि झोपाळ्यावर काकांशेजारी बसली. आमच्या बाहेरच्या खोलीत आई बसली.

"बसू दे तिला," ती म्हणाली. "साहेब, तुम्ही पण बसा ना. आज सगळ्यांनीच इथे बसायचं आहे."

तेवढ्यात तिच्या फोनवर स्वयंपाकघरात अडकून पडलेले चौदा मेसेज एकदम आले. त्यातला एक माझा होता, गुरुवारचा: आज डबा नको.

साडेअकराला जोडणी झाली. पडद्यावरच्या मॅडमनी विचारले, "तुझ्या मागे एवढी मंडळी कोण आहेत?"

"समिती आहे, मॅडम."

मग त्यांनी विचारले, लहरी भिंतीतून जाताना क्षीण का होतात. दहा मिनिटांची मुलाखत बावीस मिनिटे चालली. साहेबांनी शेवटपर्यंत पोह्याचा चमचा वाटीला लागू दिला नाही.

माझी निवड झाली. बाबांनी अहवालाला पुरवणी जोडली आहे: "समितीने वेळीच केलेल्या उपाययोजनांमुळे उमेदवाराची निवड झाली. सबब, राउटर हलविण्याची आवश्यकता उरली नाही."

इथवर वाचून तुम्हाला बाबांचे हसू आले असेल. कथाही आवडली असेल, थोडीशी. आता तुम्ही बसल्या जागेवरून हाक माराल, "अगं, जरा बाहेर ये, एका मुलीने काय छान लिहिलंय बघ." ती पदराला हात पुसत येईल आणि दाराशी उभ्यानेच ऐकेल. वाचून दाखवताना फार वेळ लावू नका. गॅसवर दूध आहे.